हौद्यातील स्टेपनी (जुन्या पिकअप ट्रकमधील)

जुन्या पिकअप ट्रकचे जादा चाक चॅसीखाली (गाडीच्या खालच्या सांगाड्याखाली) किंवा बाहेरच्या पायरीजवळ न टांगता मालाच्या हौद्यात पक्के बसवण्याच्या पद्धतीला हौद्यातील स्टेपनी-जोडणी म्हणता येईल. १९४७ नंतरच्या शेव्हरोले व विलिस, तसेच १९४८ पासूनच्या फोर्ड एफ-मालिकेच्या पिकअपांबाबत हा प्रश्न विशेष येतो. भारतात अशी वाहने आयात होऊन आली, तशी इथे जोडणी होऊनही रस्त्यावर उतरली. जनरल मोटर्सचा मुंबईतील शिवडीचा जोडणी-कारखाना १९२८ ते १९५४ या काळात चालू होता आणि विलिस जीपची जोडणी महिंद्राने १९४७ मध्ये मुंबईतच सुरू केली. त्यांपैकी टिकून राहिलेली वाहने आज बडोद्यासारख्या शहरांतील हौशी मालकांच्या आवारात आढळतात.

मूळ बनावटीत स्टेपनी बहुधा मागच्या बाजूला चॅसीखाली असे. काही शेव्हरोले पिकअपांत ती डाव्या मागच्या मडगार्डच्या पुढे उभी बसवण्याची सोय होती आणि त्यासाठी मडगार्डलाच खोलगट आकार दिलेला असे. चॅसीखालच्या चाकावर चिखल व पाणी उडून टांगणीचे आटे गंजतात, आणि पंक्चरच्या वेळी भररस्त्यात गाडीखाली शिरावे लागते ते वेगळेच. तथापि आज चाक हौद्यात येण्याचे मोठे कारण इंधनाची टाकी हे आहे. त्या काळच्या अनेक शेव्हरोले ट्रकांत टाकी केबिनमध्ये आसनामागे असे. दुरुस्तीच्या वेळी सुरक्षिततेसाठी ती मागे चॅसीच्या दोन दांड्यांमध्ये हलवली जाते, आणि नेमकी तीच जागा स्टेपनीची असते.

चाक हौद्यात आडवे ठेवता येते किंवा कडेला उभे. ६.००-१६ मापाच्या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे २८ इंच आणि रुंदी सुमारे ६ इंच असते. साडेसहा फुटी हौद्यात आडवे चाक लांबीचा तिसऱ्या भागाहून अधिक हिस्सा अडवते. तेच उभे केले तर सात-आठ इंचांत भागते, मात्र जोडणीची कसोटी लागते.

रिम, टायर व ट्यूब मिळून अशा चाकाचे वजन सुमारे २५ किलो भरते. जोरात ब्रेक लावल्यास ते १७-१८ किलोच्या जोराने पुढे रेटते, पण टक्कर होऊन गुरुत्वाच्या वीसपट मंदन झाले तर हाच जोर ५०० किलोपर्यंत जातो. असे असूनही ८ मिलिमीटरचा, ८.८ प्रतीचा एकच बोल्ट जवळजवळ दोन टन ताण कायमचा न वाकता सोसतो. फाटतो तो पत्रा. हौद्याच्या कडेचा पत्रा जेमतेम सव्वा ते दीड मिलिमीटर जाडीचा, त्यात अनेक वर्षांच्या गंजाने आतून पोखरलेला असतो. बोल्टच्या डोक्याखाली नुसता वॉशर घातला तर खड्ड्याखड्ड्यांतून त्याच जागी ताण येऊन छिद्राभोवती बारीक तडे जातात आणि रंगाखाली ते दिसतही नाहीत. म्हणून पत्र्याच्या मागे किमान ३ मिलिमीटर जाडीची, तळहाताएवढी पाठपट्टी घालणे आवश्यक ठरते. जाड बोल्ट मागवून पाठपट्टी विसरण्याची पद्धत गॅरेजांत सर्रास आढळते; ती उलटी आहे.

उभ्या चाकाचे वजन त्याला मध्यभागी धरणाऱ्या आधाराच्या पट्टीवर लोंबकळत ठेवू नये. चाकाचा मध्य कडेच्या पत्र्यापासून तीन-चार इंच दूर असतो, आणि तेवढ्या अंतरामुळे वरचा बोल्ट सतत बाहेर ओढला जातो. चाकाची खालची कड तळावरील खाचेच्या लाकडी वा लोखंडी ठोकळ्यात टेकवली, तर वजन तळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर उतरते आणि पट्टीला केवळ चाक कलंडू न देण्याचे काम उरते. आडव्या चाकासाठी तळाखालच्या आडव्या पट्टीत अडकवलेला आट्यांचा दांडा रिमच्या मधल्या छिद्रातून वर काढून त्यावर वाटीसारखी चकती व विंग नट बसवतात. तळ लाकडी फळ्यांचा असेल, तर पावसाळ्यात फळ्या फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात, त्यामुळे नट ढिला पडतो. तो ऋतू बदलताना तपासावा लागतो.

हौदा आणि केबिन चॅसीवर स्वतंत्रपणे बसवलेले असतात आणि खराब रस्त्यावर दोन्ही वेगवेगळे हलतात. चाकाचा आधार कधीही या दोहोंना मिळून बांधू नये, अन्यथा केबिनच्या मागच्या पत्र्याला तडा जातो. बाहेर गोल मडगार्ड असलेल्या हौद्याची कड एकेरी पत्र्याची असते, तर सपाट बाजूंच्या हौद्यात आतला व बाहेरचा असे दोन पत्रे येतात. तिथे आरपार बोल्ट घालणे म्हणजे बाहेरचा देखणा पत्रा बिघडवणे होय. अशा हौद्याच्या वरच्या काठावर खांब रोवण्यासाठी चौकोनी खाचा असल्यास त्यांत बसणारा आधार करून घेतल्यास एकही छिद्र पाडावे लागत नाही.

आधाराच्या पट्टीवर चाकाच्याच मापाचे दोन-तीन स्टड (चाक अडकवण्याचे आटेदार खुंट) बसवले तर चाक खऱ्या चाकाच्या नटांनी आवळता येते आणि ते नट रस्त्यात अडचणीच्या वेळी उपयोगीही पडतात. स्टडचे वर्तुळ जुन्या अर्ध्या टनी शेव्हरोलेत सहा, तर फोर्ड एफ-१०० व विलिसमध्ये पाच स्टडचे असले तरी त्याचा व्यास तिघांतही साडेपाच इंचच असतो. जुन्या विलिस जीपच्या डाव्या चाकांचे नट उलट्या आट्याचे असतात, हे ठाऊक नसलेला नवा कारागीर पाना लावून स्टडच मोडतो.

बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे जातो आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्याच्या जुन्या वस्तीत गाडी अनेकदा उघड्यावरच उभी राहते, त्यामुळे टायरला कापडी आवरण हवे आणि आडवे चाक तळापासून दोन-तीन सेंटिमीटर उचललेले हवे. जुन्या ट्यूबची पट्टी खाली पसरण्याची चाल सोपी खरी, परंतु ती पाणी धरून ठेवते. तुटक रबरी ठोकळे बरे. हवेचा वॉल्व्ह हाताला येईल असा वरच्या बाजूस ठेवावा. वापर नसला तरी टायर वयाने कडक होतो. त्याच्या कडेवरील चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवतात, आणि दहा वर्षांपुढचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनास व्हिंटेज वाहन म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची नोंदणी मिळते, मात्र चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा लागतो. बोल्टने बसणारा आणि काढता येणारा आधार या दृष्टीने सर्वांत निर्धोक आहे. वेल्डिंगचा मोह टाळावा. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात भरलेल्या जुन्या मोटारींच्या स्पर्धेसारख्या ठिकाणी मूळपणाला महत्त्व असते. ‘व्हीए’ नोंदणीच्या वाहनांचा व्यावसायिक वापर करता येत नसल्याने हौद्यातील जागेची काटकसर गौण ठरते आणि आडवी जोडणीच अधिक योग्य दिसते.