स्त्रियांमधील जननांगाची हर्पिस: मोजणी चुकत कशी गेली

जननांगावरच्या हर्पिसचे, म्हणजे फोड आणणाऱ्या विषाणूजन्य आजाराचे, वर्णन फ्रेंच वैद्य झाँ आस्त्र्युक यांनी १७३६ मध्येच केले होते. पण ती स्त्रियांमध्ये नेमकी किती पसरली आहे, हे कळायला पुढची अडीचशे वर्षे गेली. एकोणिसाव्या शतकात युरोपातले डॉक्टर प्रामुख्याने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांना तपासत, कारण त्यांची तपासणी सक्तीची होती. ज्यांना तपासले त्यांच्यातच आजार सापडला आणि तो ‘त्यांचा’ ठरला. हा शिक्का आजही पुरता पुसला गेलेला नाही, आणि त्याची किंमत स्त्रियाच मोजतात.

१९६० च्या दशकात हा आजार घडवणाऱ्या हर्पिस सिम्प्लेक्स विषाणूचे (एचएसव्ही) दोन प्रकार स्पष्ट झाले. एचएसव्ही-१ मुख्यतः ओठांवर येतो, एचएसव्ही-२ मुख्यतः जननांगावर. त्याच सुमारास गर्भाशयमुखाचा कर्करोग झालेल्या स्त्रियांच्या रक्तात एचएसव्ही-२ ची प्रतिपिंडे (विषाणूविरुद्ध शरीर तयार करते ती प्रथिने) जास्त आढळली आणि हाच विषाणू त्या कर्करोगाचे कारण असावा, असे अनेकांना वाटले. १९८३ मध्ये जर्मन विषाणूतज्ज्ञ हाराल्ड त्सूर हाउझन यांच्या गटाला त्या गाठींत एचपीव्ही-१६ हा वेगळाच विषाणू (ह्युमन पॅपिलोमा विषाणूचा एक प्रकार) सापडला आणि संशोधनाची दिशा बदलली. दोन्ही विषाणू शरीरसंबंधातूनच पसरतात, म्हणून ते एकाच स्त्रीत वारंवार आढळत होते.

खरे चित्र पालटले ते दोन्ही प्रकार वेगळे ओळखणाऱ्या रक्ततपासणीमुळे. अमेरिकेत १९८८ ते १९९४ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बारा वर्षांवरील सुमारे २२ टक्के लोकांत एचएसव्ही-२ ची प्रतिपिंडे मिळाली. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते, पुरुषांत १८. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, बाधितांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी जणांना आपल्याला हर्पिस झाल्याचे माहीत होते. म्हणजे दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून बांधलेले सगळे अंदाज तोकडे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या अंदाजानुसार १५ ते ४९ वयोगटात ४९ कोटी लोकांना एचएसव्ही-२ ची बाधा होती. त्यातल्या ३१ कोटींहून अधिक स्त्रिया होत्या.

हा फरक वागणुकीमुळे पडतो असे समजणे अन्यायाचे आहे. जननमार्गातल्या नाजूक अस्तराचे क्षेत्र मोठे असल्याने पुरुषाकडून स्त्रीला लागण होण्याची शक्यता उलट दिशेपेक्षा जास्त असते. वाढते वय, जोडीदारांची संख्या आणि इतर लैंगिक आजार यांनीही जोखीम वाढते. पण जिने आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध ठेवला, तिची जोखीम त्या पुरुषाच्या पूर्वायुष्यावर ठरते. फोड दिसत नसतानाही विषाणू त्वचेवर येत असल्याने त्यालाही बहुधा ते ठाऊक नसते. कंडोमने धोका कमी होतो, टळत मात्र नाही, कारण आसपासची त्वचा उघडीच राहते. शिवाय एचएसव्ही-२ असलेल्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण होण्याचा धोका जवळपास तिप्पट असतो.

गरोदरपणाबद्दलची समजूतही या तपासण्यांनीच सुधारली. जुनी बाधा असलेल्या आईकडून प्रसूतीवेळी बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्याहून कमी असतो, कारण तिची प्रतिपिंडे बाळापर्यंत पोहोचलेली असतात. शेवटच्या महिन्यांत नव्याने बाधा झाली, तर तोच धोका ३० ते ५० टक्क्यांवर जातो. म्हणूनच नवऱ्याला हर्पिस आहे आणि बायकोला नाही अशा जोडप्याला शेवटच्या तिमाहीत शरीरसंबंध टाळायला सांगतात.