कॉकपिटमधली उतरंड: सीआरएम कुठून आले?

विमान कंपन्यांच्या प्रत्येक वैमानिकाला आज ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ म्हणजे सीआरएमचे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्यात विमान कसे उडवायचे हे शिकवत नाहीत. शेजारच्या माणसाशी कसे बोलायचे, त्याचे कसे ऐकायचे आणि वरिष्ठ चुकत असेल तर त्याला कसे थांबवायचे, हा त्याचा विषय. यंत्रे ठीक असताना, अनुभवी कॅप्टन असताना झालेल्या अपघातांतून हे प्रशिक्षण उभे राहिले.

२७ मार्च १९७७. स्पेनच्या टेनेरीफ बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर दाट धुके होते. एकाच धावपट्टीवर केएलएम आणि पॅन ॲम या कंपन्यांची दोन विमाने होती. केएलएम या डच कंपनीच्या ७४७ विमानाचा कॅप्टन कंपनीत ७४७ च्या प्रशिक्षणाचा प्रमुख होता आणि शेजारी बसलेल्या सहवैमानिकाला या विमानासाठी त्यानेच थोड्याच काळापूर्वी पात्र ठरवले होते. कॅप्टनने थ्रॉटल (इंजिनांचा जोर वाढवणारे दांडे) पुढे ढकलताच सहवैमानिक म्हणाला, अजून परवानगी मिळालेली नाही. ‘माहीत आहे, विचार,’ असे उत्तर आले. दुसऱ्यांदा कॅप्टनने उड्डाणासाठी विमान पळवायला घेतले तेव्हा मात्र सहवैमानिकाने हरकत घेतली नाही. एकदा हटकून झाले होते. आपल्या परीक्षकाला मिनिटाभरात दुसऱ्यांदा कोण हटकणार? मागे बसलेल्या फ्लाइट इंजिनिअरने तरी विचारले, पॅन ॲमचे विमान धावपट्टीवरून बाजूला झाले नाही का? कॅप्टनने ठासून ‘झालंय’ म्हटले आणि विषय संपला. काही सेकंदांत दोन्ही विमाने एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. पॅन ॲमचे वैमानिक आणि नियंत्रण कक्ष एकाच वेळी रेडिओवर बोलल्यामुळे संदेश दबले, हेही त्यामागचे मोठे कारण होते.

पुढच्याच वर्षी, २८ डिसेंबर १९७८ ला, युनायटेड या अमेरिकन कंपनीच्या १७३ क्रमांकाच्या उड्डाणाचे डीसी-८ विमान अमेरिकेतल्या पोर्टलंडवर सुमारे तासभर घिरट्या घालत होते. लँडिंग गिअर म्हणजे चाके नीट उतरली की नाही, यात कॅप्टन गुंतला होता. अजून पंधरा मिनिटे काढली तर इंधन फारच कमी होईल, असे फ्लाइट इंजिनिअर म्हणाला. इंधनाचे आकडेही बोलले गेले. ‘आता उतरलेच पाहिजे’ हे मात्र कुणी म्हटले नाही. इंजिने एकामागून एक बंद पडली, विमान शहराच्या वस्तीत कोसळले, १० जण मेले. आकडा सांगितला की कॅप्टनला अर्थ कळेल, असे कनिष्ठांनी धरून चालायचे आणि खरेच गंभीर असते तर यांनी स्पष्ट सांगितले असते, असे कॅप्टनने समजायचे. आडून बोलण्यातला धोका तो हाच.

चौकशीनंतर वाहतूक अपघातांची चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या एनटीएसबीने दोन्ही बाजूंना शिकवायला सांगितले: कॅप्टनना इतरांना सहभागी करून निर्णय घ्यायला आणि बाकीच्यांना ठामपणे बोलायला. १९७९ मध्ये नासाने या विषयावर कार्यशाळा भरवली, १९८१ मध्ये युनायटेडने पहिला व्यापक अभ्यासक्रम सुरू केला. तो व्यवस्थापकांच्या वर्गांवरून घेतलेला असल्याने बऱ्याच वैमानिकांना शिष्टाचाराची शिकवणी वाटला. त्यांची तक्रार रास्त होती, कारण स्वभाव बदलण्यावर भर होता आणि कॉकपिटमध्ये नेमके काय करायचे ते कमी होते.

पुढे जे टिकले ते ठोस होते. ठाम बोलण्याच्या पाच पायऱ्या ठरल्या: हाक मारा, काळजी बोलून दाखवा, अडचण सांगा, उपाय सुचवा, होकार घ्या. ‘कॅप्टन, मला काळजी वाटतेय. इंधन पंधरा मिनिटांचंच उरलंय. आत्ताच धावपट्टीकडे वळू या. चालेल ना?’ शेवटचा प्रश्न गाळला की कॅप्टन ‘हं’ करून मोकळा होतो.

पण कनिष्ठाला बोलके करण्याची खरी किल्ली कॅप्टनच्याच हातात असते. रॉबर्ट गिनेट यांनी वैमानिकांच्या चमूंचा अभ्यास केला, त्यात चांगल्या कॅप्टनांची ओळख उड्डाणापूर्वीच्या पहिल्या बैठकीतच (ब्रीफिंगमध्ये) पटत होती. आपण काम जाणतो हे ते दाखवत, आपल्यालाही सगळे ठाऊक नसते हे मान्य करत आणि इतरांना बोलायला लावत. पहिल्या काही मिनिटांत पडलेला सूर पुढच्या प्रवासात टिकून राहत असे. ही पहिली भेट किती नाजूक असते, ते एनटीएसबीच्या १९९४ च्या अभ्यासातही दिसते. चमूच्या चुकांमुळे झालेल्या ३७ अपघातांपैकी ८० टक्क्यांहून अधिक वेळा विमान कॅप्टन स्वतः चालवत होता, म्हणजे त्याची चूक दाखवायचे काम कनिष्ठाकडे होते. ज्यांची माहिती मिळाली त्या अपघातांपैकी ७३ टक्के त्या चमूच्या एकत्र उड्डाणाच्या पहिल्याच दिवशी झाले.

उतरंड पार सपाट करूनही चालत नाही. मग निर्णय कुणाचा, यातच वेळ जातो. १९८९ मध्ये अमेरिकेतल्या स्यू सिटीला, विमान वळवायला लागणारी हायड्रॉलिक यंत्रणा पूर्ण निकामी झालेले डीसी-१० उतरवताना कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या प्रशिक्षक वैमानिकाच्या हाती थ्रॉटल दिले, सगळ्यांचे ऐकले, पण अखेरचा शब्द स्वतःकडे ठेवला. २९६ पैकी १८४ जण वाचले.

आपल्याकडे २०१० मध्ये मंगळूरला सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ (उतरणे सोडून पुन्हा वर चला) म्हटले, तरी विमान उतरवले गेले आणि १५८ जण मेले. २०२० मध्ये कोळिकोडला तसेच झाले. तिथे चौकशी अहवालाने ठामपणाचा अभाव आणि कॉकपिटमधली तीव्र उतरंड यांवर नेमके बोट ठेवले: सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले, पण नियंत्रण स्वतःच्या हाती घेतले नाही. दोनदा सांगूनही योग्य प्रतिसाद नाही, तर ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणून विमान घ्यायचे, ही पायरी अनेक कंपन्यांच्या नियमावलीत असते. ती बोलण्याची नाही, हाताने करायची आहे, म्हणून सिम्युलेटरमध्ये कॅप्टनच्या जागी बसलेला माणूस मुद्दाम प्रतिसाद देत नाही आणि सहवैमानिक किती उंचीवर विमान हाती घेतो, ते पाहिले जाते.