गुरू आधी, शिष्य नंतर: मग क्रम उरतात किती?

गाण्याबजावण्याच्या दुनियेत सत्काराचा क्रम लावणं हे नाजूक काम. शिष्याच्या गळ्यात हार पडला आणि गुरू अजून खुर्चीतच, असं झालं की संयोजकांची खैर नाही. समजा सात जणांचा सत्कार आहे. काहीच अट नसेल तर ७×६×५×४×३×२×१, म्हणजे ५०४० क्रम होतात. हा हिशेब आपल्याकडे जुनाच आहे. ‘लीलावती’त (इ.स. ११५०) भास्कराचार्यांनी अंकपाशाच्या, म्हणजे मांडण्या मोजण्याच्या, प्रकरणात हरीच्या चार हातांतल्या आयुधांची अदलाबदल करून २४ रूपं मोजली आहेत आणि शंभूच्या दहा हातांसाठी ३६,२८,८००. आयुधांना मानपान नसतो, हे बरं.

आता एकच अट घालू: अमुक गुरू तमुक शिष्याच्या आधी. कोणताही वैध क्रम घ्या आणि त्यात फक्त या दोघांच्या जागा बदला. एक अवैध क्रम मिळतो. अशा जोड्या लागत गेल्या की ५०४०चे बरोबर निम्मे, २५२० उरतात.

सातही जण एकाच परंपरेतले असतील तर? एक आद्य गुरू, त्यांचे दोन शिष्य, त्या प्रत्येकाचे दोन-दोन शिष्य. आद्य गुरू सात जणांत पहिले यायला हवेत: सातांत एक. प्रत्येक मधला गुरू आपल्या शाखेतल्या तिघांत पहिला हवा: तिनांत एक, असं दोनदा. शाखेच्या आतला क्रम आणि बाहेरच्यांचा क्रम एकमेकांत लुडबुड करत नाहीत, म्हणून सरळ भागाकार चालतो: ५०४० ÷ (७×३×३) = ८०. वंशवृक्ष कितीही पसरला तरी प्रत्येकाला एकच गुरू आहे तोवर ही युक्ती चुकत नाही.

घोटाळा होतो तो दोन गुरू करणाऱ्यामुळे. अ गायनाचे गुरू, ब तबल्याचे. क दोघांकडे शिकला, ड फक्त ब यांच्याकडे. अटी तीन, प्रत्येकीने निम्मे होतात असं धरलं तर २४ चे तीनच क्रम उरायला हवेत. प्रत्यक्षात पाच निघतात: अबकड, अबडक, बअकड, बअडक, बडअक. कारण या अटी एकमेकींना हात देतात. क ला अ आणि ब या दोघांच्या मागे ढकललं की आठ क्रम उरतात, पण त्यांत ब आपोआप पुढे सरकलेला असतो. त्यामुळे ‘ब आधी, ड नंतर’ ही अट आठपैकी चारांत नव्हे, पाचांत पाळली जाते. आणि २४ ला कोणत्याही पूर्ण संख्येने भागून पाच येत नाहीत, म्हणजे भागाकाराचं सूत्र इथे संपलंच.

चार जणांत हाताने मोजता येतं. चाळीस जण आणि अटींचं जाळं असेल तर? एखादा क्रम वैध आहे की नाही हे तपासणं पोरखेळ आहे, पण असे एकूण क्रम किती हे मोजणं भयंकर अवघड. ग्रॅहम ब्राइटवेल आणि पीटर विंकलर यांनी १९९१ मध्ये सिद्ध केलं की मोजणीच्या एका मोठ्या वर्गातल्या सर्वांत कठीण प्रश्नांइतकाच हा प्रश्न कठीण आहे. यासाठी झटपट पद्धत सापडली तर त्या वर्गातले बाकीचे सगळेच प्रश्न सुटतील. ती सापडेल असं फारसं कुणाला वाटत नाही. अंदाज मात्र चांगला बांधता येतो: एका वैध क्रमापासून सुरुवात करून शेजारशेजारच्या दोघांची, अट मोडत नसेल तेव्हा, पुन्हा पुन्हा यादृच्छिक अदलाबदल करत राहायचं आणि अशा मिळालेल्या क्रमांच्या नमुन्यावरून एकूण संख्या ताडायची.

याच विषयातला मला सर्वांत आवडणारा प्रश्न दिसायला साधा आहे. अटींनी संपूर्ण क्रम पक्का झालेला नसेल, तर ‘या दोघांत आधी कोण?’ असं विचारण्याजोगी एखादी जोडी नेहमी सापडते का, की उत्तर काहीही आलं तरी उरलेल्या क्रमांपैकी किमान एक तृतीयांश बाद व्हावेत? वरच्या पाच क्रमांत अ-ब ही तशी जोडी आहे: दोनांत अ आधी, तिनांत ब. संगणकाकडून याद्या क्रमाने लावून घेणाऱ्यांना अशी जोडी हवीच असते. तिघांपैकी फक्त दोघांवर अट असेल तर तीन क्रम उरतात आणि वाटणी नेमकी एकास दोन होते, म्हणून एक तृतीयांशापेक्षा जास्त मागताच येत नाही. एस. एस. किस्लित्सिन यांनी हा प्रश्न १९६८ मध्ये मांडला. जेफ कान आणि मायकल सॅक्स यांनी १९८४ मध्ये ३/११, म्हणजे सुमारे ०.२७३ पर्यंतची हमी दिली. १९९५ मध्ये ती ०.२७६ पर्यंत सरकली. सर्व प्रकारच्या अटींसाठी ०.३३३ अजून कुणी गाठलेलं नाही.