गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायचं नसतं?

बीएमडब्ल्यू एक्स-५ एम किंवा रेंज रोव्हर स्पोर्ट घेणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं: ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आयुष्यभर चालतं. चालत नाही. त्यांचा आठ गिअरचा गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनीच ८०,००० ते १,२०,००० किमी किंवा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. गाडी दामटणाऱ्यांनी त्याआधीच. तेलात गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या झिजेचे कण साठत जातात आणि गिअर बदलताना झटके बसू लागतात. फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच (गिअरबॉक्सच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्यातच) असतो, म्हणून अख्खा पॅन बदलावा लागतो. नुसतं तेल बदलून देणारा गॅरेजवाला अर्धंच काम करतो. पातळी इंजिन चालू ठेवून, तेल साधारण ४० अंश सेल्सिअसला असताना तपासायची. थंड गाडीत ती चुकतेच. सेकंडहँड घेताना या कामाचं बिल मागा.