पिकअप मध्येच जातो, मध्येच येतो

टर्बो डिझेल गाडीच्या मालकांसाठी माहितीपत्रक

शिरपूर सोडेपर्यंत गाडी झकास असते. बिजासन घाटाच्या मधल्या चढावर एकदम दम जातो, आरपीएमचा काटा २५०० ते ३००० च्या पुढे सरकत नाही आणि मागचे ट्रक हॉर्न मारायला लागतात. वर जाऊन चहा घेऊन चावी फिरवली, तर गाडी पुन्हा पहिल्यासारखी.

अशा गाडीला कोणी थेट नवा टर्बो (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंखा) सांगितला असेल, तर खिशात हात घालण्याआधी हे पत्रक वाचा. टर्बोच्या पंख्याची दांडी तुटली किंवा पाती झडली, तर ती चहा होईपर्यंत बरी होत नाही. येऊन-जाऊन होणाऱ्या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा टर्बोच्या आजूबाजूला सापडतं: चिरलेला होज (हवेची जाड रबरी नळी), कडक झालेली व्हॅक्यूमची (हवा शोषणारी) नळी, काजळी बसलेला सेन्सर, गरम झाल्यावर दगा देणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप). टर्बोच्या आत दोष असला, तरी अनेकदा तो अडकलेल्या पाकळ्यांचा (बूस्ट कमी-जास्त करणाऱ्या हलत्या पट्ट्यांचा) असतो आणि त्या साफ करता येतात.

चावीने काय कळतं

दम गेल्यावर गाडी सुरक्षित बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा मिनिट थांबून पुन्हा चालू करा. लगेच पूर्ण ताकद परत आली, तर गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच इंजिन आवरलं होतं. त्याला बूस्ट (टर्बोने तयार केलेला हवेचा दाब) हवा त्यापेक्षा फार कमी किंवा फार जास्त दिसला आणि त्याने डिझेल कापलं. यालाच लिंप मोड म्हणतात. चावी फिरवूनही फरक पडला नाही, तर हवेची गळती, बंद झालेला फिल्टर किंवा डिझेलचा कमी पुरवठा याकडे आधी बघावं लागतं. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण शोध कुठून सुरू करायचा ते सांगते.

घरी कागदावर उतरवा

आमच्या वर्कशॉपचे तपासणीचे निम्मे तास तुमच्या एका कागदाने वाचतात. दम गेला तेव्हा गियर कोणता होता, आरपीएम किती, वेग किती. इंजिन थंड होतं की तासभर चाललेलं. एसी चालू होता का. धूर कोणत्या रंगाचा. चेक लॅम्प लागला का, आणि चावी फिरवल्यावर विझला का. फुस्स किंवा शिट्टीसारखा आवाज आला का. दोन-चार महिन्यांत बॉनेटखाली कोणतं काम झालं, मग ते नुसतं एअर फिल्टर बदलणं का असेना. फिल्टर बदलताना डब्याची एक क्लिप नीट बसली नाही, की तिथून धूळ आत जाते आणि हवा मोजणारा सेन्सर चुकीचं सांगायला लागतो.

उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून बूस्ट बघायला जाऊ नका. न्यूट्रलमध्ये इंजिनावर लोड नसतो, त्यामुळे बूस्ट जेमतेम तयार होतो आणि दोष झाकलेला राहतो.

आपल्या भागातली नेहमीची कारणं

उंदीर. कापसाच्या, धान्याच्या किंवा केळीच्या कामासाठी वापरली जाणारी गाडी शेडमध्ये उभी राहिली, की व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या कुरतडल्या जातात. नळी पूर्ण तुटली तर दोष कायमचा राहतो आणि लगेच सापडतो. दातांनी अर्धवट भोक पाडलेली नळी मात्र थंडीत आवळून बसते आणि गरम झाल्यावर हवा ओढते. मग गाडी सकाळी चांगली, दुपारी वाईट.

कापसाची रुई. जिनिंगच्या आवारात रोज जाणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर वरून पांढरा दिसतो आणि आतून गच्च असतो. फिल्टर जास्तच बंद असेल, तर पूर्ण ॲक्सिलरेटरवर टर्बोच्या आधीचा मऊ होज आत चिपकतो आणि पाय काढला की फुगून जागेवर येतो. उभ्या गाडीत हे दिसणारच नाही.

ऊन. यात थोडा भाग दोषाचा नसून निसर्गाचा आहे. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा सुमारे ६ टक्के विरळ असते, शिवाय एसी इंजिनाची थोडी ताकद घेतो. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे गाडी किंचित सुस्त वाटली, तर तेवढ्यावरून तिला आजारी ठरवू नका. पण इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या भागाच्या) जाळीत माती, किडे आणि चोथा भरला असेल तर तो साफ केलाच पाहिजे. पाणी हलक्या दाबाने मारा. जोराच्या वॉशिंग गनने जाळीची पानं वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

शहरातली छोटी धाव. रोज घर ते दुकान दोन किलोमीटर, कायम कमी आरपीएम. अशा गाड्यांत काजळी साचून टर्बोच्या हलत्या पाकळ्या एका जागी चिकटतात. मग हायवेवर ओव्हरटेकला पाय दाबला की बूस्ट ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो आणि कॉम्प्युटर घाबरून डिझेल कापतो. मालक म्हणतो बूस्ट येत नाही, खरं तर तो एका क्षणासाठी जास्त आलेला असतो.

आम्ही काय तपासतो आणि कोणत्या क्रमाने

आधी स्कॅनर. पी०२९९ म्हणजे बूस्ट कमी, पी०२३४ म्हणजे बूस्ट जास्त, पी००४५ म्हणजे बूस्ट नियंत्रणाच्या वायरिंगमध्ये किंवा सोलेनॉइडमध्ये गडबड, पी०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या सेन्सरचं वाचन पटत नाही. कोड म्हणजे निदान नव्हे. पी०२९९ वाचून टर्बो बदलणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं आहे. कोडसोबत साठवलेली त्या क्षणाची नोंद आम्हाला जास्त कामाची असते: आरपीएम, वेग, पाण्याचं तापमान, लोड.

मग इंजिन बंद आणि चावी ऑन ठेवून बूस्ट प्रेशरचा सेन्सर वाचतो. इंजिन बंद असताना त्याला फक्त बाहेरची हवा दिसायला हवी. धुळे आणि जळगाव समुद्रसपाटीपासून २००-२६० मीटरच्या आसपास आहेत, त्यामुळे आकडा ९७ ते ९९ किलोपास्कल यायला हवा. ८५ किंवा ११० दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर खोटं बोलते आहे, आणि त्यापुढचे सगळे आकडे बाद. सेन्सरच्या तोंडावर फक्त काजळी असेल तर तो काढून सेन्सर क्लीनरने फवारतो आणि वाळू देतो. पिन किंवा टाचणी घालत नाही, आतला पडदा नाजूक असतो.

यानंतर व्हॅक्यूम. ज्या गाड्यांच्या टर्बोचं नियंत्रण व्हॅक्यूमने होतं, त्यांत आयडलिंगला पंपाजवळ पाऱ्याचे ६५० ते ७०० मिलिमीटर यायला हवेत. पंपाजवळ पूर्ण आणि टर्बोजवळ कमी, म्हणजे गळती मधल्या नळीत. मग हातपंपाने ॲक्च्युएटरवर (दांडीने पाकळ्या हलवणाऱ्या डबीवर) ५०० मिलिमीटर व्हॅक्यूम देऊन पंप थांबवतो. एक मिनिट काटा जागेवर राहिला पाहिजे आणि दांडी पूर्ण अंतर एका लयीत, न अडकता गेली पाहिजे. काटा उतरला तर आतला पडदा फाटला. काटा टिकला पण दांडी मध्येच अडकून झटक्याने सुटली, तर पाकळ्या चिकटल्या आहेत.

ॲक्च्युएटरच्या या दांडीची हालचाल तुम्हीही घरी बघू शकता. थंड इंजिनावर बॉनेट उघडा, दुसऱ्याला गाडी चालू करायला सांगा. व्हॅक्यूमच्या टर्बोची दांडी चालू होताच सरळ खेचली जाते आणि बंद करताच परत येते. हात लांब ठेवा, टर्बो काही मिनिटांत भाजण्याइतका तापतो.

सोलेनॉइडची कॉइल साधारण १० ते २० ओहम दाखवते. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो. थंडीत बरोबर आली तरी आम्ही तिथे थांबत नाही. हेअर ड्रायरने गरम करून पुन्हा मोजतो. तांब्याचा रोध ६० अंशांनी तापल्यावर पाव हिस्सा वाढणं स्वाभाविक आहे. मीटर एकदम खुला (म्हणजे आत तार तुटलेली) दाखवू लागला, तर चोर तोच. वायर आणि कनेक्टर हाताने हलवून बघण्याचं कामही याच वेळी होतं, कारण खडखडीत रस्त्यावरच येणारा दोष कितीतरी वेळा सैल पिनेचा निघतो.

होज आणि इंटरकूलरची गळती शोधायला धूर सोडतात. पण काही चिरा दाब आल्यावरच उघडतात आणि नुसत्या धुराला दाद देत नाहीत. म्हणून आम्ही टर्बोपासून इनटेकपर्यंतची (हवा इंजिनात शिरते तिथपर्यंतची) पाइपलाइन दोन्ही टोकांना बुच लावून रेग्युलेटरने १ बार हवेने भरतो आणि साबणाचं पाणी मारतो. दोन मिनिटं काटा पाहतो. रेग्युलेटर नसताना हे करू नका. टायरवाल्याच्या टाकीत ७-८ बार असतात, त्याने इंटरकूलर फाटतो.

शेवटी रस्ता. लळिंग घाटाचा चढ आमच्यासाठी तपासणीचं मशीनच आहे. तिसऱ्या गियरमध्ये १५०० आरपीएमपासून पूर्ण पाय दाबून ३५०० पर्यंत नेतो आणि स्कॅनरवर चार गोष्टी एकत्र नोंदवतो: मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, हवेचा प्रवाह, रेलचं (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीचं) डिझेल प्रेशर.

हवा भरपूर मोजली जाते, बूस्ट कमी आणि धूर काळा: टर्बोनंतर गळती. हवा आणि बूस्ट दोन्ही कमी: पाकळ्या उघड्या अडकल्या, वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) बंद होत नाही किंवा फिल्टर बंद. मिळालेला बूस्ट मागणीच्या वर उडी मारून पडतो: पाकळ्या किंवा सोलेनॉइड चिकटतात. बूस्ट नीट आहे पण रेल प्रेशर मागणीपेक्षा खाली घसरतं: डिझेल फिल्टरपासून सुरुवात, टर्बोला हात लावायचा नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) मागचा दाबही पाहतो, कारण भरलेला डीपीएफ टर्बोचा श्वास कोंडतो.

टर्बोच्या पंख्याची दांडी हलवून दाखवली तर

तेलाच्या थरावर फिरणाऱ्या दांडीला आडव्या दिशेने थोडा प्ले (सैलपणा) असतोच. तो दाखवून टर्बो विकणं सोपं आहे. पंखा बाजूच्या भिंतीला घासल्याच्या खुणा, पुढे-मागे जाणवणारा प्ले, किंवा फुटलेली पाती असतील तरच तो बदलायचा. तसंच इंटरकूलरमध्ये तेलाचा पातळ थर सापडणं सामान्य आहे. अर्धा कप तेल निघालं तर मात्र कारण शोधावं लागतं.

काही गाड्या तपासणीसाठी चालवतच आणू नका. निळा धूर झपाट्याने वाढतोय, सायरनसारखा आवाज आहे किंवा ऑइलचा दिवा लागला असेल, तर टोइंग मागवा.

दुरुस्तीनंतर

होज बसवताना तेलाचा चिकटा ब्रेक क्लीनरने पुसला नाही, तर पहिल्याच चढावर तो क्लिपमधून निसटतो. क्लिप जास्त आवळली तर नवा होज तिथेच कापला जातो. म्हणून होज बदलल्यावर आम्ही गाडी पुन्हा चढावर नेतो आणि खाली आल्यावर क्लिप पुन्हा तपासतो.

पाकळ्या साफ केल्या असतील तर आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर वीस मिनिटं २५०० ते ३००० आरपीएमवर धावू द्या. नागपूर हायवे आहेच. घाट चढून थांबलात, तर इंजिन अर्धा ते एक मिनिट आयडलिंगला ठेवून मग बंद करा. लगेच बंद केलं, तर तापलेल्या टर्बोत तेल जागीच जळून कार्बन होतं. टर्बोचा स्टॉप स्क्रू (पाकळ्या कुठवर हलतील ते ठरवणारा) कुणालाही फिरवू देऊ नका. तो कारखान्यात मोजून बसवलेला असतो, अंदाजाने फिरवला की जुनी तक्रार जाऊन नवी येते.

गाडी आणण्याआधी कुणाकडून कोड पुसून घेऊ नका. कोडसोबत त्या क्षणाची नोंदही पुसली जाते, आणि मग तोच दोष पुन्हा यायची वाट बघत आपल्या दोघांनाही घाटात चकरा माराव्या लागतात.