परसामागचं घर, पण जायचं रिक्षाने

रत्नागिरी शहर बंदराकडून रेल्वे स्थानकाच्या, कुवारबावच्या दिशेने पसरत गेलं. कोकणातल्या बहुतेक वाढत्या गावांची रीत सारखीच. एखादी बाग किंवा कातळाचा तुकडा विकला जातो, एनए प्लॉट पडतात, हमरस्त्यावरून आत एक रस्ता जातो आणि शेजाऱ्याच्या गडग्याला धडकून संपतो. काही वर्षांनी शेजारची जमीन विकली जाते, तिचा रस्ता वेगळा, शेवटही वेगळा. मग दोन घरांची परसं एकमेकांना टेकलेली असली तरी वाटीभर विरजण न्यायला हमरस्त्याचा वळसा पडतो.

हा तुटकपणा मोजता येतो. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहरातल्या सात पुलांचं कोडं हाताळताना जमिनीचे तुकडे बिंदू मानले आणि पूल रेघा. इथे नाका हा बिंदू, रस्ता ही रेघ. चौकात चार रेघा मिळतात, तिठ्यावर तीन, बंद गल्लीच्या टोकाला एकच. सरासरी घसरली की जाळं तुटक. दुसरं माप वळशाचं: चालावं लागलेलं अंतर भागिले सरळ रेषेतलं अंतर. काटकोनी, दाट आखणीत ते साधारण १.४१ च्या पुढे जात नाही. बंद गल्ल्यांत कितीही वाढू शकतं. शिवाय अशा जाळ्यात वेढे, म्हणजे दुसऱ्या बाजूने फिरून पोचायच्या वाटा, नसतातच. एक मोरी पाण्याखाली गेली की पलीकडची सगळी वस्ती अडकते. २०२१ चा चिपळूणचा पूर पाहिलेल्यांना दुसऱ्या वाटेची किंमत सांगायला नको.

बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाच्या आधारे जगभरचे रस्ते तपासले. २०२० मध्ये त्यांनी दाखवलं की १९७५ पासून नवी जाळी जगात एकंदर अधिक तुटक होत गेली. अमेरिकेत मात्र ही लाट १९९४ च्या सुमारास ओसरू लागली. घरं पाडून नवी बांधता येतात, रस्त्याची आखणी सहसा हलत नाही. म्हणून पहिली रेघ महत्त्वाची.

गंमत अशी, की कोकणाकडे उपाय आधीपासून आहे: पाखाडी. जांभ्याच्या पायऱ्यांची ही वाट दोन आगरांमधून, उतारावरून वाडीला वाडी जोडते. गाडीला ती बंद, माणसाला उघडी. नवं कंपाउंड आधी तिच्यावरच येतं. बंद गल्लीच्या टोकाला चार फुटांची वाट सोडली, तरी चालणाऱ्याचा वळसा संपतो आणि गल्लीतली शांतताही राहते. ‘चोर येतील’ ही हरकत ठरलेली असते. पण ये-जा असलेल्या वाटेवर निदान कुणाची तरी नजर असते. ही वाट मागायची वेळ एकच, लेआउट मंजूर होताना. प्लॉट विकले गेल्यावर तेवढी जागा कुणीच सोडत नाही.