मोठी कॅराव्हॅन, कोकणातले रस्ते आणि मोबाइलचा नकाशा

आमची मोठी कॅराव्हॅन भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी. निघण्याच्या आदल्या दिवशी वाचावं आणि गाडीत ठेवावं.

तुम्ही कुठे आहात हे मोबाइलच्या जीपीएसला उघड्या आकाशाखाली साधारण पाच मीटरच्या फरकाने कळतं. तुम्ही काय चालवताय, हे मात्र त्याला कळत नाही. गूगल मॅप्समध्ये मोटार निवडता येते, दुचाकी निवडता येते. गाडीची लांबी, रुंदी, उंची भरायला जागाच नाही. २०२४ साली भारतात अरुंद रस्त्यांची सूचना देण्याची सोय सुरू झाली ती आठ शहरांपुरती, आणि त्यांत कोकणातलं एकही गाव नव्हतं. म्हणून रस्ता तुम्ही ठरवायचा आणि नकाशाला त्यावर बांधून ठेवायचं. ते कसं, ते पुढे सांगितलं आहे.

गाडीची मापं

लांबी ८.२ मीटर. बॉडीची रुंदी २.३ मीटर, आरसे उघडे असताना २.७५ मीटर. छतावरच्या एसीसकट उंची ३.२ मीटर. पाणी, सामान आणि माणसं धरून वजन सुमारे ७ टन. हेच आकडे ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या सनव्हायजरवर चिकटवलेले आहेत.

आता रस्त्याचं माप बघा. गावातला एकेरी रस्ता बहुधा ३.७५ मीटर डांबराचा असतो, वाडीत जाणारा तीनच मीटरचा. तीन मीटरच्या रस्त्याला दोन्हीकडून जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) लागून असला, तर आरशाबाहेर जेमतेम १२ सेंटीमीटर उरतात. समोरून रिक्षा आली तरी एकाला मागे जावं लागतं, आणि रिक्षावाल्याच्या मागे आणखी चार गाड्या असतात.

उंचीबाबत कोकण रेल्वेखालचे बोगदे आणि मोऱ्या जपा. लाल वर्तुळातल्या पाटीवर ३.५ मीटरपेक्षा कमी आकडा असेल तर आत शिरू नका. ३० सेंटीमीटरची मोकळीक आम्ही मुद्दाम धरतो, कारण रस्त्यावर नवा थर पडला तरी पाटी जुनीच राहते. वाड्यांमधून घरांकडे गेलेल्या विजेच्या तारा आणि फणसाच्या आडव्या फांद्यांना तर पाटीच नसते.

आदल्या रात्रीचं काम

अर्धा तास लागतो, पण सगळ्या प्रवासात हाच अर्धा तास सर्वांत उपयोगाचा.

घाटात आणि खाडीकाठी नेटवर्क जातं. जीपीएस तेव्हाही चालतं, कारण ते उपग्रहांकडून येतं; अडतो तो नकाशा. गूगल मॅप्समध्ये उजव्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबा, ‘ऑफलाइन नकाशे’मध्ये जा आणि पूर्ण मार्ग चौकटीत येईल असा भाग उतरवून घ्या. पूर्वी उतरवलेला असेल तर अपडेट करा. महामार्ग क्रमांक ६६ चं बरंचसं चौपदरीकरण झालं, कशेडीला बोगदा झाला. जुन्या नकाशावर हे सगळं सापडेलच असं नाही.

मग मुक्कामाचं ठिकाण तपासा. मुरूड दोन आहेत: एक रायगडातलं, जंजिऱ्याजवळचं, दुसरं दापोली तालुक्यात, हर्णैजवळ. पाली एक सुधागडची, बल्लाळेश्वराची. दुसरी रत्नागिरीकडची, महामार्गावरची. शिरोडा वेंगुर्ल्याकडे आहे तसंच गोव्यातही आहे. नाव टाइप करून पहिलं दिसेल ते निवडू नका, तालुका आणि जिल्हा बघूनच निवडा.

त्यानंतर घाट. वरंधा, आंबेनळी आणि अणुस्कुरा या घाटांतून ही गाडी नेऊ नये, अशी आमची अट आहे. वळणं आखूड आहेत आणि मागचं चाक आतल्या गटाराकडे ओढलं जातं. आंबा, कुंभार्ली आणि आंबोली चालतील, पण दिवसाउजेडी. कोल्हापूरहून राजापूरला निघालात तर नकाशा अणुस्कुरा सुचवू शकतो. अशा वेळी आंबा आणि पाली (रत्नागिरीची) हे दोन थांबे मध्ये घाला, म्हणजे मार्ग साखरप्यावरून पालीला उतरेल आणि पुढे लांज्यावरून महामार्गाने राजापूरला जाईल. वाटेत ‘वेळ वाचवणारा मार्ग सापडला’ असं दिसलं की नकार द्या. काही वेळा काहीच न दाबल्यास ॲप आपणहून मार्ग बदलतं, तेव्हा शेजारी बसणाऱ्याने स्क्रीनवर लक्ष ठेवावं. ड्रायव्हरने फोनला हात लावू नये.

पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद होतात किंवा मोठ्या वाहनांना बंदी येते. नकाशावर हे उशिरा दिसतं. निघण्याच्या दिवशी सकाळी आम्हाला फोन करून विचारा.

नकाशा दाखवतो ती वेळ मोटारीची असते. महामार्गावर तीत चौथा हिस्सा मिळवा, घाटात आणि सागरी मार्गावर निम्मी वेळ आणखी धरा. चार तास दाखवले आणि दुपारी दोनला निघालात, तर शेवटचा अरुंद रस्ता अंधारात येणार.

खाडी आणि फेरीबोट

सागरी मार्गाने जाताना आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड इथे फेरीबोटीने खाडी ओलांडता येते. नकाशा फेरीलाही रस्त्यासारखंच धरतो. शेवटची फेरी किती वाजता सुटते किंवा आज बोट चालू आहे का, यावर विसंबण्याइतकी माहिती तिथे नसते. दाभोळला बोट चुकली तर गुहागरला जायला दापोली, खेड, चिपळूण असा भलामोठा वळसा पडतो.

फेरीने जायचं असेल तर आदल्या दिवशी धक्क्यावर फोन करून गाडीची लांबी आणि वजन सांगा. भरतीची वेळ गाठा. ओहोटीला बोटीचा रॅम्प खाली जातो, चढ तीव्र होतो आणि मागच्या चाकांपलीकडे बाहेर आलेला गाडीचा भाग जमिनीला घासतो. सांडपाण्याच्या टाकीचा नळ नेमका तिथेच आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी जास्त खोल असते. फेरी नको असेल तर मार्गाच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ सुरू करून ठेवा.

शेवटचे तीन किलोमीटर

गाड्या अडकतात त्या इथे. होमस्टेवाले पिन टाकतात ती घराच्या अंगणावर. नकाशा त्या पिनपर्यंत जवळचा रस्ता काढतो आणि तो कधी सुपारीच्या बागांमधली पाणंद निघतो, कधी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट. उपग्रहाच्या चित्रात माडांखालचा रस्ता दिसत नाही, त्यामुळे चित्र बघून खात्री होत नाही. मालकांना फोन करा आणि नेमके प्रश्न विचारा.

‘एसटी कुठपर्यंत येते?’ एसटी आपल्या गाडीपेक्षा लांब असते, तेव्हा ती रोज जाते तिथे आपलीही जाईल. ‘मोठी येते की मिडी (छोटी बस)?’ हेही विचारा. मग ‘वळते कुठे?’ एसटी वळते तीच आपली वळायची जागा, आणि नकाशात पिन घराऐवजी तिथेच टाकायची. वाटेत साकव (छोटा पूल) आहे का, तारा खाली आल्या आहेत का, हेही मालकांना ठाऊक असतं. ‘गाडी येते’ एवढ्या उत्तरावर निघू नका. त्यांच्या डोळ्यांसमोर मोटार असते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या पिनकडे नेणारा रस्ता वाळूत संपत असेल तर डांबर सुटायच्या आत थांबा. सात टनांची गाडी ओल्या वाळूत बसली की भरतीच्या आत निघेल याचा भरवसा नाही. पावसाळ्यात साइडपट्टीवरही चाक उतरवू नका. वरून घट्ट दिसणारी तांबडी माती आतून भिजलेली असते.

चुकीच्या रस्त्याला लागलात तर

पुढे रस्ता रुंद होईल या आशेवर जाऊ नका. जागच्या जागी थांबा, धोक्याचे चारही दिवे लावा, नकाशाचा आवाज बंद करा. गाडी मागे घेताना एकाने मागे जाऊन येणारी वाहनं थांबवायची. दुसऱ्याने ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात सतत दिसेल असं उभं राहून खुणा करायच्या. माणूस दिसेनासा झाला की ब्रेक दाबायचा. मागे येताना चाक वळवताच गाडीचं पुढचं टोक उलट्या बाजूला झुकतं आणि गडग्याला लागतं, म्हणून एकदम पूर्ण स्टिअरिंग फिरवू नका. जमत नसेल तर तसेच उभे राहून आम्हाला कळवा. माणूस पाठवायला आम्ही वेगळे पैसे घेत नाही. फुटलेल्या बॉडीचं काम मात्र महिनाभर चालतं.

ठिकाण कळवताना नुसतं ‘वडाच्या झाडाजवळ’ पुरत नाही. नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर बोट दाबून धरा, पिन पडेल आणि दोन आकडे दिसतील. गुहागरला ते साधारण १७.४८ आणि ७३.१९ असे असतात. दशांश चिन्हापुढचे चार आकडे पाठवले की ठिकाण दहा-बारा मीटरच्या आत सापडतं. नेट नसेल तर साधा एसएमएस करा. सोबत जवळच्या मैलाच्या दगडावरचं गाव आणि अंतर लिहा. कुणाला लागलं असेल तर आधी ११२.